वर्सेली वाटेत लागते

आमगाव
१० जानेवारी २००७

श्री. केशोराव व्याही यांना मुन्नालालचा रामराम.

मागच्या उन्हाळ्यातल्या तुमच्या इटलीच्या फोटोंचं पाकीट आता कुठे मिळालं. फोनच करणार होतो, पण तुमच्या एका कानाला ऐकू येत नाही आणि फोन तुम्ही नेमका त्याच कानाला लावता. मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" इतक्या जोरात विचारलं की समोरच्या किराणावाल्यानं दुकानातून स्वतःची तब्येत सांगितली. म्हणून पत्रच बरं.

फोटोंमध्ये इटली कमी आणि तुम्ही जास्त आहात. एकात पडक्या इमारतीसमोर तुम्ही, एकात वाकड्या मनोऱ्यासमोर तुम्ही, आणि उरलेल्या सगळ्यांत माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात ताटावर तुम्ही. रुची वाढून राहिली आणि तुम्ही बोटानं "अजून" म्हणून राहिले. वजन वाढलं आहे तुमचं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तुम्ही मुलाचे वडील, तुम्हाला सगळं माफ. मी पडलो मुलीचा बाप. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरच्या अन्नपाण्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. आमचे आजोबा लेकीच्या गावी गेले की गावाबाहेरच्या विहिरीवर पाणी पिऊन मगच वेशीत शिरायचे. आणि मी समाज मंडळाचा अध्यक्ष. प्रत्येक लग्नात माइक हातात घेऊन हाच नियम लोकांना सांगतो. आता मीच मोडला तर लोक माइक काढून घेतील.

पण व्याही, लग्न होऊन तीन वर्षं झाली. जावईबापू महिन्याभरातच रुचीला घेऊन तिकडं गेले, तेव्हापासून मी पोरीचं तोंड पाहिलं नाही. तुमचे फोटो पाहून जीव जळला, हे खोटं कशाला बोलू.

म्हणून ठरवलं आहे. मे महिन्यात मी आणि शकुंतला इटलीला जातो. मुलीकडे नाही हां! शहरं पाहायला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. सगळं जग पाहून राहिलं, आपणच काय पाप केलं? आता रोमहून व्हेनिसला जाताना वाटेत वर्सेली लागत असेल, तर उभ्या उभ्या रुचीला भेटून घेऊ. दारातूनच. तुम्ही जाऊन आलेले आहात, तर कोणतं शहर किती पाहावं ते कळवा.

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा
मुन्नालाल पटले


सौंदड
१९ जानेवारी २००७

श्री. मुन्नालालजी व्याही यांना केशोराव बिसेनचा रामराम.

रोमहून व्हेनिसला जाताना वाटेत वर्सेली लागत असेल, तर आमगावहून नागपूरला जाताना वाटेत रायपूर लागते. शाळेतल्या पोरांचा नकाशा आणून बघा. वर्सेली पार वरच्या कोपऱ्यात आहे. तिथं उभ्या उभ्या जायचं म्हणजे दिवसभर उभं राहावं लागेल.

शहरांचं विचारता, तर सांगतो. रोमची पडकी इमारत फार मोठी आहे आणि आत जायला तिकीट आहे. मी गाइडला हातवारे करून विचारलं की दुरुस्ती केव्हा काढणार, तो हसतच सुटला. फ्लॉरेन्सला दगडाचे उघडेनागडे पुरुष भर चौकात उभे केलेले आहेत. आमची सुलोचना डोक्यावर पदर घेऊन जमिनीकडे बघत चालली होती, आणि सौंदडला परत आल्यावर बायकांना सगळ्यात बारीक वर्णन तिनंच सांगितलं. व्हेनिसला रस्त्यांच्या जागी पाणी आहे. पूर आला असं समजून मी सामान वर घ्यायला निघालो होतो.

पण खरं पाहण्यासारखं गाव वर्सेलीच. आपल्यासारख्याच धानाच्या बांध्या, काठोकाठ पाणी भरलेलं, आणि मागे डोंगरावर बर्फ. फक्त बांधीत माणूस दिसत नाही, मशीनच येते आणि पेरून जाते. आमचा उमेंद्र त्याच मशीनच्या कारखान्यात आहे. तिथले लोक भातात लोणी आणि चीज घालून तो घोटून घोटून खातात. तसा भात आपल्याकडे आजाऱ्याला देतात.

आता तुमच्या नियमाचं. त्यांचं घर भाड्याचं आहे. मालकीण खाली राहते, जाड आहे, मोठ्यानं बोलते, मनानं चांगली आहे. म्हणजे नळ मालकिणीचा. मग ते पाणी मुलीच्या घरचं कसं? ते मालकिणीच्या घरचं झालं. बिनधास्त प्या.

आणि एक सांगतो. तुम्ही सौंदडला येता, आमच्या ओसरीवर बसता आणि पाणी शेजारच्या गीताबाईकडून मागवता. ती आता गावभर सांगून राहिली, "केशोरावचे व्याही तं मीच पोसून राहिली." सुलोचनेला हे बरं वाटत नाही. मुलीच्या सासरचं पाणीही चालत नाही हे आम्हाला समजतं, पण बरं वाटत नाही.

तुमचा
केशोराव


आमगाव
५ फेब्रुवारी २००७

केशोराव व्याही, रामराम.

मालकिणीच्या नळाचा मुद्दा मी सेवकरामजींकडे नेला. आमच्या समाजात नियमांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, वय पण तसंच. पानठेल्यावर बाकावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नळ कोनाचा?"

"घरमालकिणीचा."

"बिल कोन भरते?"

"जावई."

"मंग पानी जावयाचं. नळ नुसता रस्ता आहे."

पानठेलेवाला मध्येच बोलला, "आनं जावयानं बिल भरलंच नाई तं?" सेवकरामजींनी आधी सुपारी थुंकली. मग म्हणाले, "तं मंग पानी सरकारचं. सरकारचं चालते." तेव्हा मे महिन्याचं बिल भरू नको, असं जावईबापूंना तुम्ही बाप म्हणून सांगू शकाल का? मी सासरा आहे, मला बोलायला बरं दिसत नाही.

पासपोर्टचं काम सुरू आहे. चौकशीला पोलीस आला. "इटलीले कायले जाता?" मी म्हटलं, "शहरं पाहाले." "गोंदिया पूरं पाहून झालं का?" मी खुर्ची पुढे केली. "तिथं ओळखीचं कोनी आहे?" मी म्हटलं, "नाई." तेवढ्यात आतून शकुंतला ओरडली, "पोरगी आहे ना!" तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी रोममध्ये दरोडा घालायला निघालो आहे. चहा पाजला तेव्हा कुठे सही झाली.

जेवणाचा प्रश्न मी सोडवला. सत्तूचं पीठ नेणार, पाण्यात कालवलं की जेवण झालं. पण इतके दिवस सत्तूवर राहता येतं का ते पाहायला नको? म्हणून तालीम केली. सुटकेस भरून, बूट-मोजे घालून, शकुंतलेला घेऊन नवेगाव-बांध गावी गेलो. तिथं तलावाजवळ खोली घेतली. असं समजायचं की हे व्हेनिस. समोर पाणी होतंच. ठरलं होतं की कोणाच्या घरचं घ्यायचं नाही, आपला सत्तू आपण खायचा. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी तलावावरच्या बाईनं मासे तळायला घेतले आणि वारा आमच्याच खिडकीकडे. मी सत्तू खाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. शकुंतला "चक्कर मारून येते" म्हणून गेली आणि हाताला मसाल्याचा वास घेऊन परत आली. विचारलं तर म्हणाली, "मी इटलीतून बाहेर आली होती."

एकूण अनुभव असा की सत्तूवर माणूस जगतो, पण कोणाशी नीट बोलत नाही. तरी जमेल. तुमचं काय म्हणणं?

तुमचा
मुन्नालाल


सौंदड
१७ फेब्रुवारी २००७

मुन्नालालजी व्याही, रामराम.

बिल थकवायला मी उमेंद्रला सांगणार नाही. परक्या मुलखात पोराला पोलीस धरून नेतील आणि तुम्ही सत्तू खात बघत राहाल.

पण त्याची गरजच नाही. मला आठवलं, त्यांच्या घरासमोरच्या चौकात सार्वजनिक नळ आहे. लोखंडी, हिरवा, रात्रंदिवस वाहतो, कोणी बंद करत नाही. त्याचं बिल नगरपालिका भरते. कबुतरं पितात, कुत्री पितात, त्यांना नियम लागू नाही तर तुम्हाला कशाला? तेच पाणी रुचीनं ग्लासात भरून तुमच्या हातात दिलं तर पाणी नगरपालिकेचं आणि हात फक्त मुलीचा. सेवकरामजींना विचारा.

जेवणाचंही सुचलं आहे. तांदूळ तुम्ही आमगावहून न्या. डाळ तुम्ही न्या. हळद, तिखट, तेल, सगळं तुमचं. रुचीनं फक्त शिजवायचं. गॅस तेवढा जावयाचा राहतो, पण गॅस कोणी खात नाही.

व्याही, थट्टा बाजूला ठेवतो. तुम्ही रोम पाहा, व्हेनिस पाहा, नका पाहू, मला घेणंदेणं नाही. पण एकदा तिच्या घरी बसून तिच्या हातचं जेवा. आम्ही तिथं होतो तेव्हा रोज जेवणं झाली की ती विचारायची, "मामंजी, बाबांना आवडलं असतं का हे?" मी व्याही असून तुम्हाला हात जोडतो. नियम दोन दिवस गुंडाळून ठेवा.

तुमचा
केशोराव


आमगाव
८ मार्च २००७

केशोराव व्याही, रामराम.

हिरव्या नळाला सेवकरामजींनी अर्धी मान्यता दिली. म्हणाले, नळाला तोंड लावून प्यायलं तर चालते, ग्लास मुलीचा असला तर नाही. गॅसचा मुद्दा ऐकून मात्र ते उठूनच गेले.

पण मी काय मूर्ख आहे का? एवढे हात तुम्ही का जोडून राहिले ते माझ्या लक्षात आलं आहे. पावसाळ्यानंतर मंडळाची निवडणूक आहे. मुन्नालालनं लेकीच्या घरी जेवण केलं, असा एक फोटो तुमच्या हाती आला की झालं. अध्यक्ष केशोराव बिसेन. कॅमेरा पण तुमच्याच मुलाकडे! व्याही, तुम्ही गोड माणूस आहात, पण राजकारण कच्चं आहे तुमचं.

आणि एवढी घाई कशाला? नातू होऊ द्या. बारशाला मी असा जेवीन की तुमचे फोटो लाजतील. तीन वर्षं झाली, आता होईलच की. तोवर हा मुन्नालाल सत्तूवर राहील.

तिकिटं झाली. दोन मेला मुंबईहून निघायचं आहे. रुचीला फोनवर सांगितलं की आम्ही शहरं पाहायला येतो, वाटेत तुझ्याकडे पण डोकावू, खाण्यापिण्याची तसदी घेऊ नको. तिनं आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "बाबा, तुमी हॉटेलातच उतरा. माझ्या घरी येऊ नका." आणि फोन ठेवला.

ऐकलं ना? याला म्हणतात संस्कार. इटलीत राहून पोरगी नियम विसरली नाही. मला इतका अभिमान वाटला की पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं. शकुंतलेला काय झालं कोण जाणे, त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही.

तुमचा
मुन्नालाल


सौंदड
१३ मार्च २००७

मुन्नालालजी,

तो संस्कार नाही. ती रागावली आहे.

जे सांगायचं नव्हतं ते सांगतो. रुचीनं माझ्याकडून शब्द घेतला होता, तो मोडून राहिलो. नातू होणार नाही. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेले. दुसऱ्या वेळी ती दवाखान्यात होती, तेव्हा आम्ही तिथंच होतो. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं की आता पुन्हा नाही, जिवाला धोका आहे. घरी आल्यावर ती सुलोचनेच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. डोळे पुसून पुसून एकच बोलायची, "बाबांना सांगू नका. आता ते माझ्या घरचं पाणी जन्मात पिणार नाहीत."

तुमचा नियम मूल होईपर्यंतचा आहे. मूलच होणार नसेल तर तो कधी संपणार, हे तिनं मला विचारलं. म्हणून मी इथं बसून मालकीण, नळ, नगरपालिका असलं काहीबाही शोधत होतो. मला वाटलं, तुम्हाला न सांगता तुम्हाला जेवायला बसवता येईल.

मंडळ तुमच्याकडेच राहू द्या. मला नको.

केशोराव


सौंदड
१० एप्रिल २००७

मुन्नालालजी व्याही, रामराम.

महिना होत आला, तुमचं उत्तर नाही. फोन केला तर शकुंतलाबाई बोलल्या, मला अर्धं ऐकू आलं. एवढंच समजलं की तुम्ही पानठेल्यावर जात नाही आणि सुटकेस भरून पुन्हा रिकामी करता. मी ते सांगायला नको होतं असं रोज वाटते. सुलोचना म्हणते, सांगितलं ते बरं झालं. जायचं रद्द करू नका. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा.

केशोराव


वर्सेली
१४ मे २००७

केशोराव व्याही, रामराम.

तुमच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. शकुंतलेला कसं सांगू याचीच काळजी करत होतो, आणि धीर करून सांगितलं तर ती म्हणाली, "मले मालूम आहे." वर्षभरापासून माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. याचा राग यायला पाहिजे होता. पण विचार केला तर वाटलं, माझ्यासारख्या माणसापासून मीही लपवलंच असतं.

प्रवास बरा झाला. विमानात शकुंतलेनं माझ्या वाटचं जेवण पण खाल्लं, कारण मला काही जात नव्हतं. इथल्या विमानतळावर सत्तू पकडला. दोन साहेब आणि एक कुत्रा आला. कुत्र्यानं पिशवीत नाक घातलं आणि जो शिंकत सुटला, तो थांबेना. साहेब विचारत होते हे काय आहे. मला सांगता येईना, म्हणून मूठभर तोंडात टाकून दाखवला. कोरडा सत्तू, पाणी नाही. मला ठसका लागला, कुत्रा शिंकून राहिला, शकुंतला माझ्या पाठीत बुक्क्या मारून राहिली. शेवटी त्यांनीच हात जोडले आणि सत्तूसकट सोडून दिलं. तो सत्तू आता खालच्या मालकिणीला दिला आहे. तिचा गैरसमज झालेला दिसतो, काल ती चेहऱ्याला लावून दारात बसली होती.

तुम्ही विचाराल, शहरं कोणकोणती पाहिली. एकही नाही. रोमची तिकिटं होती, ती रद्द केली. त्या दिवशी रुचीनं पानगे करायचे ठरवले होते. फ्लॉरेन्सला जाऊ म्हटलं तर वांग्याची भाजी आणि झुणका निघाला. व्हेनिसच्या दिवशी मला अजीर्ण झालं. सकाळी मी जावईबापूंबरोबर बांधावर फिरून येतो, दुपारी जेवतो, झोपतो, उठून चहा घेतो आणि रात्री काय आहे ते विचारतो. त्यांचा तो घोटलेला भात पण खाल्ला. तुमचं म्हणणं चूक आहे, चांगला लागतो. लोणी थोडं जास्त पाहिजे.

रुची रोड झाली आहे. तुमच्या फोटोंत ते कळत नव्हतं, तुम्हीच आडवे येत होते.

आता पहिल्या दिवसाचं सांगतो. खरं म्हणजे तेच लिहायला कागद घेतला आणि इकडंतिकडंचं लिहीत बसलो. विमानतळावरून जावईबापूंनी घरी आणलं. तोपर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं, हे तुम्हाला खरं सांगतो. वाटेत मी नुसते बांधीतले बगळे बघत होतो. जिना चढलो तर रुची दारात उभी. आईच्या गळ्यात पडली. माझ्या पाया पडली, पण डोळ्याला डोळा देईना. हातात समोरच्या हॉटेलची किल्ली.

"बाबा, तुमची सोय समोर केली. सामान तिकडंच टाकते."

मी म्हटलं, "पहिले पानी आन."

"कोनाले?"

"मले. तहान लागली."

ती तशीच उभी. जावईबापूच आत धावले आणि ग्लास भरून आणला, तो तिनं त्यांच्या हातातून काढून घेतला. मला देईना. छातीशी धरून उभी राहिली.

"बाबा, कोनी काई सांगतलं का तुमाले?"

"नाई."

"मंग पानी कसं पेता? आमच्या घरात अजून लेकरू नाई."

व्याही, मी इतक्या लग्नांत माइकवर बोललो, पण पुढचं वाक्य कधी बोललो नव्हतो.

मी म्हटलं, "लेकरू नाई कसं? माझं लेकरू राहते ना या घरात."

तिच्या हातातला ग्लास अर्धा माझ्या शर्टावर सांडला. उरलेला मी प्यायलो आणि अजून मागितला. ती आणायला हलेना आणि मीही तिचा हात सोडेना. मागून शकुंतला ओरडली की रडायचं ते आत बसून रडा, माझे पाय दुखून राहिले. मग आम्ही आत गेलो आणि जेवायला बसलो.

तुमचा
मुन्नालाल